चांदीचे गाव आणि पाण्याची शाळा

युरोप खंडाचा नकाशा समोर घ्या. जवळ नकाशा नसला तरी हरकत नाही. मी सांगतो तसे चित्र मनाशी उभे करीत चला. खंडाच्या जवळजवळ मध्यावर, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, समुद्राशी कोठेही न भिडणारा एक लहानसा देश आहे. त्याचे नाव स्लोव्हाकिया. उत्तरेला पोलंड, दक्षिणेला हंगेरी, पश्चिमेला चेक लोकांचा देश आणि ऑस्ट्रिया, पूर्वेला युक्रेन. वस्ती सुमारे ५४ लाख. हा देश स्वतंत्र झाला १ जानेवारी १९९३ रोजी. त्याआधी तो चेकोस्लोव्हाकियाचा भाग होता, आणि १९१८ पूर्वी शतकानुशतके हंगेरीच्या राज्यात होता. या देशाच्या मध्यभागी डोंगरांत एक गाव आहे: बान्स्का श्त्याव्नित्सा. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण त्याचा अर्थ सोपा आहे. ‘बान्स्का’ म्हणजे खाणीचे, आणि श्त्याव्नित्सा हे तिथून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव. ओढ्याकाठचे खाणीचे गाव. पुढे सोयीसाठी आपण त्याला नुसते श्त्याव्नित्सा म्हणू.

आज या गावात दहा हजारांच्या आसपास माणसे राहतात. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजारगावची वस्ती याहून जास्त भरेल. मग एवढ्याशा गावाची कथा तुम्हाला सांगण्याचे कारण काय? कारण असे की, अडीचशे वर्षांपूर्वी हेच गाव हंगेरीच्या राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. तिथे चांदी होती, म्हणून ते मोठे झाले. पण जगाने त्याची आठवण ठेवली ती चांदीसाठी नव्हे. चांदी काढताना त्या माणसांच्या वाटेत पाणी आडवे आले. त्या पाण्याशी झगडता झगडता ती माणसे जे शिकली, आणि जे त्यांनी दुसऱ्यांना शिकवले, त्यासाठी ठेवली. तीच गोष्ट आज आपण पाहू.

प्रथम भूगोल. श्त्याव्नित्सा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. भोवतीचे डोंगर म्हणजे एका अतिप्राचीन ज्वालामुखीचे अवशेष. एक कोटी वर्षांहूनही पूर्वी हा ज्वालामुखी धगधगत होता. त्याच्या पोटातला रस बाहेर पडला, पोट रिकामे झाले आणि माथा आत खचला. असा खचलेला भाग म्हणजे एक प्रचंड परातच. तिचा व्यास वीसएक किलोमीटर भरतो, आणि त्या परातीत हे गाव वसले आहे. सभोवार दाट झाडीचे डोंगर. त्यांत सगळ्यात उंच सित्नो नावाचे शिखर, १००९ मीटरचे.

ज्वालामुखी थंड होत असताना जमिनीखालचे ऊन पाणी खडकांच्या भेगांतून वर चढत राहिले. त्या पाण्यात निरनिराळे धातू विरघळलेले होते. पाणी निवत गेले, तसे ते धातू भेगांत बसत गेले. अंगात रक्ताच्या शिरा असतात ना, तशा खडकात धातूच्या शिरा तयार झाल्या. चांदी, सोने, शिसे, तांबे, जस्त असे सगळे थोडेथोडे, पण चांदी विशेष. म्हणजे गंमत पाहा, या डोंगरात धातू आणून ठेवला तो पाण्यानेच. आणि पुढे तो माणसाला सुखासुखी काढू दिला नाही, तोही पाण्यानेच.

चांदी सापडली कशी, याची एक लोककथा तिकडे सांगतात. एक गुराखी डोंगरात गुरे चारीत होता. त्याला दोन सरडे दिसले. एकाच्या अंगावर सोन्याची धूळ, दुसऱ्याच्या अंगावर चांदीची. सरडे एका दगडाखाली शिरले. गुराख्याने दगड उलथला, तर खाली सोन्याचा गोळा! कथा ती कथा. पण ख्रिस्तपूर्व काळात केल्ट लोक इथे धातू काढीत होते. ११५६ मधल्या एका लॅटिन लेखात या मुलखाला ‘खाणवाल्यांची भूमी’ असे म्हटले आहे. तेराव्या शतकात गावाला शहराचे हक्क मिळाले. खाणकामात तरबेज असे जर्मन लोक इथे येऊन राहिले. म्हणून गावाला नावेही तीन पडली. स्लोव्हाक लोक म्हणत श्त्याव्नित्सा, जर्मन म्हणत शेम्नित्स, आणि हंगेरियन म्हणत शेल्मेत्सबान्या. आसपास अशी आणखी खाणगावे होती. लोकांच्या तोंडी म्हण पडली: क्रेम्नित्सा सोन्याची, श्त्याव्नित्सा चांदीची, बिस्त्रित्सा तांब्याची.

चांदी म्हटली की तिच्यावर डोळा ठेवणारेही आलेच. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीच्या राजाचा पराभव केला. राजा पळताना मेला, आणि तुर्कांची फौज हळूहळू उत्तरेकडे सरकू लागली. चांदीच्या गावाला धाक बसला. तेव्हा गावकऱ्यांनी काय करावे? गावातले जुने मोठे चर्च होते, त्याच्या भिंती भक्कम करून, छप्पर उतरवून, १५४६ ते १५५९ या काळात त्याचाच किल्ला केला. समोरच्या टेकडीवर १५६४ ते १५७१ या काळात आणखी एक बुरुजांचा पांढरा किल्ला बांधला. आज त्यांना जुना गड आणि नवा गड म्हणतात. देवाच्या घराचा गड करावा लागला, यावरून भीती केवढी असेल, ते समजावे.

आता खाणीत काम करणाऱ्या माणसाकडे वळू. राजाच्या टांकसाळीत नाणी पडत होती, सावकारांच्या पेढ्या भरत होत्या. पण जमिनीच्या पोटात जाणारा माणूस कसा जगत होता? एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा, आणि मिणमिणता दिवा. खडक फारच कठीण लागला तर त्याला लाकडांचा जाळ घालायचा, म्हणजे तापून त्याला तडे जायचे. धूर मात्र सगळा बोगद्यात. दिवसभर खपून बोगदा पुढे सरकणार तो बोटांनी मोजण्याइतका. धुळीने छाती पोखरून जाई. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात अग्रिकोला या जर्मन पंडिताने नमूद करून ठेवले आहे की, कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या मुलखात अशा बायका आढळतात, ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले, आणि सातही नवरे छातीच्या रोगाने गेले. चांदीचा रुपया खणखणतो, तेव्हा त्यामागचा हा खोकला कोणाला ऐकू येत नाही.

गावात १६८१ साली बांधलेला एक मनोरा अजून उभा आहे. त्यात घंटा नव्हती. एक लाकडी फळी टांगलेली असे. पहाटे तिच्यावर लाकडी हातोडे वाजवले जात, आणि त्या टकटक आवाजाने खाणकामगार उठून कामाला लागत. एखादा कामगार वारला, तर त्याच्या अंत्ययात्रेलाही तीच फळी वाजे.

पण याच खाणीत एक मोठी घटना घडली. तारीख होती ८ फेब्रुवारी १६२७. टिरोल प्रांतातून आलेला कास्पार वाइन्ड्ल नावाचा एक माणूस होता. त्याने खाणीच्या अधिकाऱ्यांसमोर खडकाला भोक पाडले, त्यात बंदुकीची दारू ठासली, आणि बत्ती दिली. खडक फुटला. तोवर दारू लढाईत माणसे मारायला वापरीत. ती खडक फोडायला वापरल्याची, जमिनीखालच्या खाणीत सुरुंग लावल्याची, जगातली पहिली पक्की लेखी नोंद ही. तिथल्या खाण-कचेरीने ती लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळते. आज विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी खडी काढताना सुरुंग उडतो, त्या विद्येच्या वंशावळीत श्त्याव्नित्साचे नाव फार वर आहे.

सुरुंगामुळे काम भराभर होऊ लागले. खाणी खोल गेल्या. आणि जितक्या खोल गेल्या, तितके पाणी जास्त लागले. विहीर खणणाऱ्याला पाणी लागले की आनंद होतो. खाण खणणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. पाणी उपसले नाही तर खाण बुडालीच. मग उपसा कसा होई? माणसे रांगेने उभी राहून बादल्या वर देत. पुढे रहाट आले. त्यांना घोडे जुंपत, आणि मोटेसारख्या कातडी पखालींनी पाणी वर ओढीत. माणसे आणि घोडी रात्रंदिवस राबत होती. चांदी विकून जो पैसा येई, तो पाणी उपसण्यातच जाई. अठराव्या शतकाच्या आरंभी गोष्ट या थराला आली की, या खाणी आता बंदच कराव्यात, असा विचार सुरू झाला. हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न होता.

उपाय शोधताना लोकांनी इंग्लंडकडे पाहिले. तिकडे न्यूकोमेन याचे वाफेचे इंजिन खाणींतले पाणी उपसत होते. आयझॅक पॉटर नावाच्या इंग्रज कारागिराने जवळच्याच नोव्हा बान्या या खाणगावी १७२२ मध्ये तसे इंजिन उभे केले. युरोपच्या मुख्य भूमीवर खाणीच्या कामाला लागलेले हे पहिले वाफेचे इंजिन समजतात. पुढे श्त्याव्नित्साच्या खाणींवरही काही इंजिने बसली. यंत्र नामी होते. पण त्याची भूक राक्षसाची होती! इंग्लंडात दगडी कोळसा मुबलक. इथे जाळायला काय, तर जंगलातले लाकूड. आणि लाकूड तर खाणीच्या टेकूंना हवे, धातूच्या भट्ट्यांना हवे, घरच्या चुलीलाही हवे. इंजिनाला ते पुरवायचे कुठून?

म्हणजे आग परवडत नव्हती. मग राहिले काय? पाणीच. खालचे पाणी वर काढायला वरचे पाणी कामाला लावायचे! पाण्याच्या जोराने चाक फिरवायचे आणि चाकाने पंप चालवायचे. युक्ती जुनीच होती. पण आता खरी अडचण पाहा. गाव डोंगरावर. जवळ मोठी नदी नाही. ह्रोन नदी आहे, पण ती दूर, खालच्या खोऱ्यात. जमिनीच्या पोटात नको तेवढे पाणी, आणि जमिनीच्या पाठीवर चाक फिरवायलाही पाणी नाही. अशी ही विचित्र कोंडी.

ती कोंडी फोडणाऱ्या माणसांपैकी दोघांची ओळख आपण करून घेऊ. पहिला माटेय कोर्नेल हेल, खाणीवरचा यंत्रकार. दुसरा सामुएल मिकोव्हिनी. हा गणिती, जमीन मोजणारा, नकाशे काढणारा. यांनी काय केले? डोंगरांच्या उतारांवर पाऊस पडतो, बर्फ वितळते, आणि ते पाणी वाहून खोऱ्यात निघून जाते. ते वाहून जाऊ द्यायचे नाही, असे ठरले. डोंगरांच्या अंगाखांद्यावरून, अगदी मंद उतार देत, चर खणले. ते चर उतारावरचे पाणी गोळा करून आणीत. जिथे दोन डोंगरांमधली घळ अरुंद असेल, तिथे मातीचा बांध घातला. बांधाच्या पोटात चिकणमाती ठासली, म्हणजे पाणी झिरपू नये. अशी तळी तयार झाली. तिकडे त्यांना ‘ताइख’ म्हणतात. तळ्याला जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हा आला. एका तळ्यातले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात नेता येई. एका डोंगराचे पाणी बोगद्यातून पलीकडच्या डोंगराला देता येई. आणि तळ्यातून निघालेले पाणी पाटांनी खाणीवर जाऊन, एक चाक फिरवून झाले की खालच्या पातळीवरच्या दुसऱ्या चाकाला, मग तिसऱ्याला. एकच थेंब चार ठिकाणी राबायचा आणि मगच सुटायचा.

काम एका वर्षाचे नव्हते, की एका माणसाचेही नव्हते. पण अठराव्या शतकात त्याने खरा आकार घेतला. सगळी मिळून साठच्या आसपास तळी झाली आणि चर-पाटांची लांबी शंभर किलोमीटरच्या पुढे गेली. मोजणीत थोडी चूक झाली असती, तर पाणी उलटे वाहिले असते किंवा चर फोडून गेले असते. आजच्यासारखी उपकरणे नव्हती. पाणसळ, साखळी, कोन मोजण्याची साधने आणि गणित एवढ्यावर हे झाले. शिक्षकांनी वर्गात त्रिकोणमिती शिकवताना मुलगे-मुली विचारतात, ‘गुरुजी, याचा उपयोग काय?’ त्यांना या डोंगरातला एखादा चर सांगावा.

मिकोव्हिनीचा शेवटही पाण्याच्या कामातच झाला. वाह नदीच्या पुराला आवर घालण्याचे काम करीत असताना तो आजारी पडला आणि १७५० मध्ये वारला.

माटेय हेल याचा मुलगा योझेफ कारोल हेल. याने बापाच्याही पुढे पाऊल टाकले. चाक फिरवायला पाणी वरून पडावे लागते. पण उंचावरचे पाणी एका नळात उभे केले, तर त्या उभ्या पाण्याचा तळाशी केवढा दाब येतो! तो दाब एका नळकांड्यातल्या दट्ट्यावर आणायचा; दट्ट्या वर ढकलला जातो; झडप उघडून पाणी सोडून दिले की तो खाली येतो; पुन्हा झडप बंद, पुन्हा दाब. असा दट्ट्या वरखाली होऊ लागला की त्याला पंप जोडायचे. वाफेच्या इंजिनासारखेच, पण वाफेच्या जागी पाणी. ना लाकूड, ना धूर. १७४९ मध्ये त्याचे असे यंत्र खाणीत चालू झाले. १७५३ मध्ये त्याने दाबलेल्या हवेच्या जोरावर पाणी उचलणारे आणखी एक यंत्र केले. खाणी वाचल्या. उपशाचा खर्च उतरला आणि चांदी पुन्हा वर येऊ लागली.

याच घरातला दुसरा मुलगा माक्सिमिलियान हेल. हा जेझुइट साधू आणि ज्योतिर्विद झाला. शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो, अशी वेळ क्वचितच येते. तसा योग १७६९ मध्ये होता, आणि तो पाहण्यासाठी हा माणूस नॉर्वेच्या उत्तर टोकाला, व्हार्दो बेटावर, जाऊन राहिला होता. पृथ्वीपासून सूर्य किती दूर, हे काढायला त्या निरीक्षणांचा उपयोग झाला. एका खाणकारागिराच्या घरातला एक मुलगा जमिनीच्या पोटात उतरला, दुसरा आकाशाकडे वळला. पण मोजण्याची शिस्त दोघांचीही एकच.

आता मी ज्याला पाण्याची शाळा म्हणतो, तिच्याकडे येऊ. पाणी, यंत्रे, चर, बोगदे, भट्ट्या हे सगळे सांभाळायला जाणती माणसे हवीत. ती तयार कशी करायची? १७३५ मध्ये श्त्याव्नित्साला खाणकामाची शाळा सुरू झाली, आणि मिकोव्हिनी तिचा पहिला शिक्षक. योझेफ कारोल हेल हा याच शाळेत शिकला. या शाळेचे यश पाहून महाराणी मारिया तेरेझा हिच्या दरबाराने १७६२ मध्ये खाणविद्येचे उच्च विद्यापीठ इथेच काढायचे ठरवले. पुढच्या वर्षी निकोलाउस जॅकिन हा रसायन आणि वनस्पती यांचा मोठा पंडित पहिला प्राध्यापक म्हणून नेमला गेला. १७७० पर्यंत या विद्यालयाची पूर्ण तीन वर्षांची अभ्यासयोजना झाली. प्राध्यापक डेलियुस याने खाणविद्येचे पाठ्यपुस्तक लिहिले. ते १७७३ मध्ये व्हिएन्नात छापले. इटालियन निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोली यानेही इथे शिकवले.

त्या काळी रसायनशास्त्र शिकायचे म्हणजे गुरूने पुस्तक वाचून दाखवायचे, फार तर एखादा प्रयोग स्वतः करून दाखवायचा, आणि शिष्यांनी दुरून पाहायचे. श्त्याव्नित्साला तसे नव्हते. इथे प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतःच्या हातांनी धातू वितळवीत, तोलीत, पारखीत. सकाळी वर्गात शिकलेले दुसऱ्या दिवशी खाणीत उतरून पाहता येई. या पद्धतीचा बोलबाला दूरवर गेला. फ्रान्समध्ये क्रांती झाली, आणि १७९४ मध्ये पॅरिसला नवे तंत्रविद्यालय काढायचे ठरले. तेव्हा तिथला रसायनज्ञ फुर्क्रवा याने राष्ट्रसभेपुढे या श्त्याव्नित्साच्या प्रयोगशाळेचा दाखला दिला: विद्यार्थ्यांनी हातांनी प्रयोग करायचे, तर ते असे. राजाला हटवणाऱ्या पॅरिसने राणीच्या राज्यातल्या एका डोंगरी गावाची शिकवण्याची रीत आपलीशी मानली. विद्येला सरहद्द नसते म्हणतात, ते हे असे.

१८०७ मध्ये इथे वनविद्येची शाळा निघाली आणि ती पुढे खाणविद्यालयात मिळाली. आग, खांब आणि भट्ट्या यांनी जंगले झिजत चाललेल्या मुलखात झाडे कशी वाढवावीत, हे शिकवण्याची गरज पडली, हे ओघानेच आले. १८४७ ते १८४९ या काळात ख्रिस्तियान डॉप्लर इथे प्राध्यापक होता. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढ्या सुरात वाजते आणि दूर जाताना सूर उतरतो. त्यामागचा नियम याने १८४२ मध्ये प्रागला मांडला होता. आज वादळाचा वेध घेणाऱ्या रडारपासून दवाखान्यात रक्ताचा प्रवाह तपासणाऱ्या यंत्रापर्यंत त्याचा नियम कामाला येतो.

१७८२ च्या गणतीत गावाची वस्ती तेवीस हजारांवर होती. त्याच साली आणखी एक काम सुरू झाले, आणि ते फार मनन करण्यासारखे आहे. खाणीचे पाणी वर ओढण्यापेक्षा खालून वाट दिली तर? खाणींच्या खालून थेट ह्रोन नदीच्या खोऱ्यापर्यंत आडवा बोगदा खणायचा, म्हणजे पाणी आपोआप उतरून जाईल. अशा बोगद्यांना तिकडच्या खाणकायद्यात ‘वारशाचा बोगदा’ म्हणत; बोगदा खणणाऱ्याला, ज्या खाणी कोरड्या होतील त्यांच्या धातूत वाटा मिळे, आणि तो हक्क पुढच्या पिढीकडे जाई. हा बोगदा १७८२ मध्ये सुरू झाला आणि १८७८ मध्ये पुरा झाला. लांबी साडेसोळा किलोमीटर. त्यावेळी जगातल्या सर्वांत लांब बोगद्यांत त्याची गणना झाली. छ्याण्णव वर्षे! ज्यांनी पहिला घाव घातला, त्यांनी पलीकडचा उजेड पाहिला नाही. त्यांच्या मुलांनीही पाहिला नाही. तरी घण थांबला नाही. आजही त्या बोगद्यातून डोंगराचे पाणी वाहते आहे.

पण चांदीचे दिवस कोणाचे कायम राहतात? शिरा पातळ होत गेल्या. अमेरिकेतल्या चांदीने बाजारातला भाव उतरवला. तरुण माणसे दुसरीकडे गेली. १८७३ मध्ये ह्रोनच्या खोऱ्यातून गावापर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली, पण तोवर भरभराट ओसरू लागली होती. त्यानंतर पहिले महायुद्ध. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले, आणि गाव नव्या चेकोस्लोव्हाकियात गेले. १९१९ मध्ये प्राध्यापक आणि विद्यार्थी विद्यालय घेऊन हंगेरीतल्या शोप्रोन गावी गेले. विद्यापीठाचे वाडे मागे राहिले, विद्यापीठ निघून गेले. शिकवण्यानेच ज्या गावाने नाव मिळवले, त्याला हा घाव किती खोल लागला असेल, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने शिसे, जस्त आणि तांबे यांच्यासाठी खाणी चालवल्या. १९४९ मध्ये तरुण स्वयंसेवकांनी खपून नव्या रुंद रुळांची लोहवाट बांधली, आणि जुनी गाडी निवृत्त झाली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात गावातला खाणधंदा संपला. सुमारे साडेसातशे वर्षे शहर म्हणून पोसणारा धंदा गेला, आता हे गाव मरणार, असे वाटावे अशीच वेळ होती.

ते मेले नाही. का मेले नाही? चांदी गेली होती, पण माणसांनी बांधलेले उरले होते. साठांपैकी चोवीस तळी अजून उभी आहेत. उन्हाळ्यात मुले त्यांत पोहतात. काही तळ्यांचे पाणी गावाला पिण्यासाठीही उपयोगी पडले. दोन गड, वाडे आणि १७४४ ते १७५१ या काळात टेकडीवर बांधलेल्या देवळांची रांग जागच्या जागी आहे. १९७४ मध्ये एका जुन्या खाणीचे दर्शनालय झाले. आता लोक टोपी घालून, कंदील घेऊन तिथे जमिनीखाली उतरतात आणि हातोडा-छिन्नीच्या खुणा पाहतात. १९९३ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच साली, युनेस्कोने हे गाव आणि भोवतालची यंत्रे-तळी जगाचा वारसा म्हणून जाहीर केली. दर सप्टेंबरात खाणवाल्यांची मिरवणूक निघते; तीत सर्वांच्या पुढे एक गुराखी चालतो, आणि त्याच्याजवळ सरडा असतो.

१८ मार्च २०२३ रोजी गावाच्या मध्यवर्ती चौकातल्या काही जुन्या इमारतींना मोठी आग लागली आणि छपरे जळाली. आग, पाणी, शत्रू, बाजार अशा सर्वांच्या तडाख्यातून हे गाव गेले आहे. पुन्हा छपरे घालायचे काम आले, इतकेच.

आता तुम्ही मला विचाराल, ‘दूरदेशीच्या त्या गावाशी आमचा काय संबंध?’ संबंध नात्यागोत्याचा नाही. पण त्या माणसांनी दोन गोष्टी केल्या, त्या कोणत्याही गावाने मनात घ्याव्यात. एक, वाहून जाणारे पाणी अडवताना त्यांनी मोठ्या नदीची वाट पाहिली नाही. डोंगरावर पडणारा पाऊस हीच आपली नदी असे मानले, आणि तिचा हिशेब ठेवला. दुसरी गोष्ट याहून मोलाची. जे शिकले, ते त्यांनी घरात दडवले नाही. बाप-लेकांमध्ये राहिले असते, तर ते हेल घराण्याबरोबर संपले असते. त्यांनी त्याची शाळा केली, आणि पोरांच्या हातात हत्यारे दिली.

तिथली चांदी कोणाकोणाच्या खिशात गेली, कोणत्या राजाने कोणत्या लढाईत उडवली, याचा आज कोणी हिशेब देऊ शकत नाही. पण हातांनी प्रयोग करीत शिकण्याची जी रीत त्या डोंगरात पडली, ती जगभरच्या शाळांत रोज चालू आहे. उद्या तुमच्या शाळेतले पोर परीक्षानळी हातात धरील, किंवा शेताच्या बांधावर पाणसळ लावून उतार मोजील, तेव्हा त्या लहानशा गावाची एकदा आठवण करा.